दिंडी दरवाजा

सकाळचे सव्वासात. कोपऱ्यावरच्या भाजीच्या हातगाडीवर माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. सत्तरीचे असावेत. हातात कापडी पिशवी, पायांत फिरायला जायचे बूट आणि चेहऱ्यावर निवृत्त माणसाला भाजी निवडताना येतं ते गांभीर्य. एकेक दुधी उचलायचा, हातावर तोलायचा आणि अंगठ्याचं नख त्याच्या सालीत रुतवून बघायचं. नख सहज गेलं तर दुधी कोवळा, नाहीतर जून. ही परीक्षा आपल्याकडे पिढीजात आहे, आणि भाजीवाल्यांचा तिच्यावरचा रागही तितकाच जुना. नख लागलेली जागा थोड्या वेळात काळी पडते आणि मग त्या दुध्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. चार दुध्यांना नखं लागली. पाचवा उचलला, तसा भाजीवाला कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता शांतपणे म्हणाला, “काका, दुधी बघताय का जावई?”

काकांचा अंगठा हवेतच थांबला. क्षणभर वाटलं, आता पेटणार. पण ते म्हणाले, “अरे, जावई निवडताना एवढा वेळ घेतला असता, तर आज भाजीला तोच आला असता!”

गाडीभोवतीचे सगळे हसले. काकांनी हातातला दुधी नख न लावता पिशवीत टाकला आणि थोडं थांबून आधी नख लावलेल्यांपैकीही एक उचलला. भाजीवाल्याने न मागता कढीलिंबाच्या दोन काड्या वर ठेवल्या. माझी पाळी आली तेव्हा अर्थातच माझी नख लावायची हिंमत झाली नाही. समोरचा एक दुधी मी गुपचूप घेतला आणि निघालो.

वाटेत मनात आलं, भाजीवाल्याला सांगायचं होतं ते तीन शब्दांत मावणारं होतं. “नख लावू नका.” त्यात अपमान नाही, खोटं नाही, आणि माल त्याचा असल्यामुळे हक्कही आहे. पण तो तसं म्हणाला असता, तर काका म्हणाले असते, “मग कळणार कसं? फुकट देतोस का?” त्यावर त्याचं उत्तर, त्यावर यांचं. दोघांचीही बाजू बरोबर, आणि दोघांचीही सकाळ नासलेली. निरोप तोच होता, फक्त तो वेगळ्या दाराने आत गेला.

जुन्या वाड्यांच्या दारांची आठवण त्यावरून झाली. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पुष्कळांनी पाहिलेला असतो. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या प्रचंड फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. पण त्याच दाराच्या एका फळीत एक लहानसं दार आहे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. त्याला दिंडी म्हणतात. मोठा दरवाजा रोज उघडायचा नसतो, येणं-जाणं दिंडीतून चालतं. मात्र अशा दिंडीतून जायचं तर वाकावं लागतं. ताठ मानेने गेलं की कपाळाला टेंगूळ.

रोजच्या बोलण्यातला विनोद मला या दिंडीसारखा वाटतो. माणसांच्या मनाचे मोठे दरवाजे सहसा बंदच असतात, आणि मानाचे, वयाचे, हुद्द्याचे खिळे त्यांवर बाहेरच्या बाजूने ठोकलेले असतात. आपलं खरं म्हणणं घेऊन सरळ धडक मारली तर ते खिळे आपल्यालाच लागतात. मग माणूस दिंडी शोधतो. भाजीवाला “दुधी बघताय का जावई” म्हणाला तेव्हा तो थोडा वाकला, आणि काका आपल्या जावयाला मध्ये घालून तेवढेच वाकले.

आपण हसतो ते विनोदाला, असा आपला समज असतो. अमेरिकेतले रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे मेंदूशास्त्रज्ञ हा समज तपासायला बाहेर पडले. प्रयोगशाळेत माणसांना बसवून विनोदी फिती दाखवल्या, तर लोक फारसे हसेनात. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात कान देऊन ऐकायला सुरुवात केली आणि हसण्याचे १,२०० प्रसंग टिपून ठेवले. ज्याला विनोद म्हणता येईल असं काही हसण्याच्या आधी बोललं गेल्याचे प्रसंग त्यांत वीस टक्केही नव्हते. बाकी सगळं हसणं “चला, निघतो आता”, “बरं, बघू या” या जातीच्या वाक्यांवर. त्यांना आणखी दोन गोष्टी आढळल्या. एकटं असताना माणूस जितका हसतो, त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो, जवळजवळ शेकडा ४६ने. आपलंच वाक्य आणि आपणच हसायचं, हे तसं विचित्रच. पण दिंडी आठवली की ते विचित्र वाटत नाही. बोलणारा दार किलकिलं करून आधी स्वतः वाकून दाखवतो, घाबरू नका म्हणतो.

हीच गोष्ट मुंबईतल्या एका बागेत फार मजेशीर रीतीने सिद्ध झाली आहे. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागात डॉ. मदन कटारिया यांनी पहाटे फिरायला येणाऱ्यांना जमवून हास्यक्लब सुरू केला. पहिल्या दिवशी सगळे मिळून पाच जण. पद्धत साधी होती. एकाने मध्ये उभं राहून विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. दोन आठवडे बरे गेले. मग चांगले विनोद संपले आणि उरलेले कुणाला तरी लागू लागले. सभासद कुरकुरू लागले. क्लब बंद पडायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी विनोद बंद केले आणि हसणं चालू ठेवलं. आज गावोगावच्या बागांत सकाळी जी मंडळी हात वर करून हसताना दिसतात, ती कुठल्याही विनोदाला हसत नाहीत. ती एकमेकांकडे बघून हसतात. आधी खोटं, मग शेजारच्याचं खोटं हसू बघून खरं.

जे त्या बागेत दोन आठवड्यांत कळलं, ते आपल्या घरांना बहुधा फार आधीपासून ठाऊक होतं. कोणी कोणाची थट्टा करायची आणि कोणी करायची नाही, याचे अलिखित नियम आपल्या नात्यांत मुरलेले आहेत. दिराने वहिनीची करावी, मेव्हणीने भावोजींची करावी, नातवाने आजोबांची करावी. सासऱ्याने सुनेची मात्र करू नये आणि सुनेने सासऱ्याची तर नाहीच. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली अशा थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं की, लग्नाने दोन घरं जोडली जातात, पण ती दोन असतात म्हणून त्यांच्यात ताणही येतो. जवळीक आणि परकेपणा एकाच ओसरीवर बसलेले असतात. अशा ठिकाणी एक तर अंतर राखून फार आदराने वागावं लागतं, नाहीतर ठरवून थट्टा करावी लागते. थट्टा म्हणजे परवानगी असलेला अनादर.

आपल्या लग्नातली कानपिळी आठवून पाहा. नवरीचा भाऊ पुढे येतो आणि नवरदेवाचा कान पिळतो. भाऊ बऱ्याचदा आठ-दहा वर्षांचा असतो, त्याला कुणीतरी उचलून धरावं लागतं. मांडवात हशा होतो, नवरदेव खोटं खोटं ओरडतो, मुलाच्या हातात कपडे किंवा पाकीट पडतं आणि फोटोग्राफर म्हणतो, “परत एकदा पिळ.” पण त्या हशाखाली काय चाललेलं असतं? एक धाकटा भाऊ सगळ्या वऱ्हाडासमोर सांगत असतो, माझ्या बहिणीला नीट वागवा, माझं लक्ष आहे. हेच वाक्य तिच्या वडिलांनी उभं राहून गंभीरपणे उच्चारलं असतं, तर मांडवात केवढी शांतता पसरली असती. म्हणून ते वाक्य एका पोराच्या चिमटीत दिलेलं आहे.

भोंडल्याचं तसंच. कुठे त्याला हादगा म्हणतात. आश्विनात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा आणि मोठमोठ्याने सासरचे दोष गायचे. सासू अशी, नणंद तशी, माहेरचा वैद्य शहाणा आणि सासरचा वैद्य वेडा. एरवी ज्या सुनेला वर मान करून बोलायची सोय नव्हती, तिने हे सासरच्याच अंगणात, सासूच्या कानांदेखत म्हणायचं. आणि गाणी संपली की त्याच सासूने खिरापतीचा डबा वाजवून विचारायचं, ओळखा पाहू काय आहे ते. त्या गाण्यांनी कुणाचा सासुरवास संपला असेल असं नाही. पण वर्षाकाठी काही संध्याकाळी ती दिंडी उघडी असे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकातच हे मर्म ओळखलं होतं. भवानीला नवस बोलून सासरच्या एकेका माणसाचा काटा काढायला निघालेली त्यांची सून भारुडात उभी राहते तेव्हा लोक आधी पोट धरून हसतात, आणि ही सासरची माणसं म्हणजे आपल्याच मनातले विकार, हे घरी जाताना कधीतरी ध्यानात येतं.

इथवर सगळं गोड झालं. पण दिंडीतून चोरही येतो.

मराठीत विनोदाची नावं मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. थट्टा, मस्करी, चेष्टा, कुचेष्टा, टिंगल, टवाळी, फिरकी, कोटी, कोपरखळी, टोमणा. माणूस खोचक बोलतो, तिरकस बोलतो, खवचट बोलतो, कुजकंही बोलतो. या शब्दांनी अंतरं मोजून ठेवलेली आहेत. कोपरखळी मारायची तर माणूस शेजारी, अगदी कोपराच्या अंतरावर बसलेला असावा लागतो. टोमणा लांबून फेकता येतो. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीत तर नेम एकीकडे आणि घाव दुसरीकडे, आणि विचारलं तर “मी तुला कुठे बोलले?” म्हणायची सोय. सगळ्यात बारीक भेद मात्र दोन साध्या शब्दांत आहे. हसू आणि हसं. एका उकाराचा काय तो फरक. हसू येतं, हसं होतं. जे येतं ते आपलं आपल्याला येतं. जे होतं ते कुणाचं तरी होतं, आणि ज्याचं होतं तो त्या वेळी चारचौघांत एकटा असतो.

पंगतीत कुणाच्या तरी रंगावर, अंगकाठीवर, बोलण्याच्या हेलावर, पगारावर कुणीतरी बोलतं. सगळे हसतात. ज्याच्यावर बोललं गेलं तोही हसतो, कारण न हसण्याचा दंड त्याला माहीत असतो. आणि त्याचा चेहरा उतरलाच, तर त्यालाच ऐकवलं जातं, “अरे, गंमत केली. तुला काही विनोदबुद्धी आहे का नाही?” म्हणजे आधी घाव आणि मग औषध घेतलं नाही म्हणून बोल. कचेरीत साहेबांच्या विनोदाला हसणं हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं, पण ज्याला ते उमगत नाही त्याची बढती रखडते. शिपायाने साहेबांवर केलेला विनोद मात्र चहाच्या टपरीपलीकडे जात नाही. तमाशातल्या सोंगाड्याला तो राजासमोरच करायची मुभा असते, म्हणून तर लोक गाड्या जुंपून त्याला ऐकायला जात.

दिंडीला कडी असते ती आतल्या बाजूला. बाहेरच्याने हाक मारायची, कडी काढायची का नाही हे आतल्याने ठरवायचं. गंमत झाली का नाही, हे बोलणाऱ्याने सांगायचंच नसतं, ते ज्याच्यावर बोललं गेलं त्याने सांगायचं. मी स्वतःपुरती एक खूण धरली आहे. ज्याची थट्टा केली तो उलट थट्टा करू शकेल का? काकांनी भाजीवाल्याला उत्तर दिलं, हिशेब मिटला. नवरदेवाचा कान पिळला, पण पुढे जन्मभर मेव्हण्याची फिरकी घ्यायला तो मोकळा. जिथे उलट बोलायची सोय नाही, तिथे आपण थट्टा करत नसतो, दार फोडत असतो.

आणि कुणाची करावी असा प्रश्न पडलाच, तर स्वतःची करावी. मराठीने जे विनोद डोक्यावर घेतले, त्यांत सांगणाराच फजीत झालेला असतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तला कारकून धोंडो भिकाजी जोशी दुसऱ्या कुणाला नव्हे, आपल्या बावळटपणाला हसतो, आणि वाचणाऱ्याला तो बावळटपणा घरचा वाटतो. स्वतःकडे बोट असलं की वाकणं आपोआप होतं.

अलीकडे एक नवीन अडचण झाली आहे. बोलण्यातला निम्मा विनोद भुवईत असतो, आवाजाच्या चढ-उतारात असतो, आणि मोबाइलवर भुवई पाठवता येत नाही. “वहिनी, आज चहा मिळेल का?” हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दिराने मिश्किलपणे विचारलं तर ती आर्जवी गंमत असते. हेच घरच्या ग्रुपवर सकाळी सहा चाळीसला पडलं की ती नोटीस होते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ स्कॉट फालमन यांना हा पेच फार लवकर दिसला. पडद्यावर लिहिलेली चेष्टा सहकारी खरी मानून बसत, म्हणून १९ सप्टेंबर १९८२ रोजी त्यांनी सुचवलं की गमतीने लिहिलेल्या वाक्यापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हं जोडावीत. मान तिरकी करून पाहिलं तर हसरा चेहरा दिसतो. आज आपण जे पिवळे गोल चेहरे दिवसभर वाटत असतो, त्यांचा पूर्वज तो. हे वाक्य दिंडीतलं आहे, एवढंच ते सांगतात. तरी प्रत्यक्ष माणसासमोर उभं राहून वाकण्याची सर त्यांना नाही.

दिंडी उघडी असूनही आपण बाहेर उभे राहतो, असंही होतं. माझे वडील शेवटच्या आजारात इस्पितळात होते. आम्ही भावंडं पलंगाभोवती लांब चेहरे करून उभी. कुणी काही बोलेना. ताटात बिनमिठाची खिचडी आली. एक घास खाऊन अण्णा म्हणाले, “मीठ नाही. म्हणजे मी अजून इथेच आहे. वर पोचलो असतो तर अमृत वाढलं असतं.” मी लगबगीने म्हणालो, “अण्णा, डॉक्टरांनीच मीठ बंद केलंय, रक्तदाब आहे ना तुम्हाला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, “बरं” म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

आम्ही घाबरलोय हे त्यांना दिसलं होतं. मरणाबद्दल बोलायला आमच्यापैकी कुणाचीही छाती झाली नसती, म्हणून ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने ते स्वतःच खिचडीत घालून आमच्यापुढे ठेवलं होतं. तेव्हा मी नुसता हसलो असतो, तरी पुढे कितीतरी बोलता आलं असतं. मी पथ्याचा कागद वाचून दाखवला. आपण विनोद किती करतो याचा अभिमान आपल्याला असतो, समोरच्याने केलेला ओळखू येतो का, हे आपण सहसा तपासत नाही. वाकायचं दोघांनीही असतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतो आहे. अजून पुरती लागलेली नाही. कुणी हसत काही बोललं की हसण्याच्या आधी किंवा नंतर, एक क्षण थांबायचं आणि बघायचं, हा काय घेऊन आत येतोय. रिक्षावाला म्हणतो, “साहेब, सुट्टे नसतील तर बसायच्या आधीच सांगा, मी उपास सोडतो.” शेजारची बाई म्हणते, “आमच्याकडे काय, मी आणि टीव्ही, दोघंच बोलतो.” पहिल्यात दिवसभराची कटकट आहे, दुसऱ्यात अख्खी दुपार. दोन्ही वाक्यांना हसून पुढे जाता येतं. हसून तिथेच थांबताही येतं.

एवढं सगळं मनाशी जमवत मी घरी पोचलो. भाजी ओट्यावर ठेवली आणि जावयाचा किस्सा बायकोला साग्रसंगीत सांगितला. ती मनापासून हसली. हसता हसताच तिने पिशवीतून दुधी काढला, हातावर तोलला आणि अंगठ्याचं नख त्याच्यावर टेकवलं. नख आत जाईना. दुसऱ्या बाजूने बघितलं, तिथेही जाईना. पक्का जून.

मी मान खाली घातली. विनोदावर खूश होऊन डोळे मिटून घेतलेला माल. “तुम्हाला एक काम नीट सांगायची सोय नाही” हे वाक्य आमच्या घरात नवीन नाही आणि या वेळी ते न्याय्यच होतं. मी ते ऐकायला उभा राहिलो.

तिने किसणी काढली, थालीपिठाची भाजणी काढली आणि दुध्याकडे बघत म्हणाली, “असू दे. आता आणलाय घरात, तर नांदवायलाच हवा.”